सामाईक विमान : हिस्सा आणि पाळी
(डेक्कन एअरवेजच्या अनुषंगाने विमानाच्या सामाईक मालकीतील लाभ-हानीचा ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात विमान ही वस्तू सहसा येत नाही. जमीनधारा, सावकारी, कापूस, दुष्काळ, रझाकारी आणि मुक्तिसंग्राम या विषयांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे व ते योग्यच आहे. तथापि हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या दशकात या प्रदेशातील प्रजा एका विमान कंपनीची अप्रत्यक्ष मालक होती, ही गोष्ट या लेखनात क्वचितच नोंदली गेली आहे. येडशीच्या शेतकऱ्याचा शेतसारा हैदराबादकडे जात होता. हैदराबादच्या सत्तेचे द्रव्य ज्या उद्योगांत गुंतले होते त्यांत डेक्कन एअरवेज ही कंपनी होती. या अर्थाने सारा भरणारा शेतकरी डाकोटा विमानांचा एक अतिसूक्ष्म भागीदार ठरतो. त्या विमानात तो कधी बसला नाही, हे सांगावयास नकोच.

प्रस्तुत निबंधात या भागीदारीच्या निमित्ताने एका व्यापक प्रश्नाचा विचार केला आहे. विमानासारखी महाग, नाजूक आणि सतत खर्च मागणारी वस्तू अनेकांनी मिळून घेतली असता नेमका लाभ कोणाला व किती होतो? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की खर्च वाटला जातो, म्हणून भागीदारी फायद्याची. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर अर्धवट आहे. सामाईक मालकीत हिस्सा आणि पाळी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. हिस्सा कागदावर लिहिला जातो, पाळी प्रत्यक्षात मिळवावी लागते. विमानाच्या बाबतीत लाभ-हानीचा निवाडा हिश्शावर नव्हे, तर पाळीवर होतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

विहिरीचा दाखला

आपल्या भागातील वाचकास सामाईक मालकी नवी नाही. सावड, इर्जिक, वारंगुळा या शब्दांनी दर्शविली जाणारी देवाणघेवाण शेतीत पूर्वापार चालत आली. एक बैल असलेले दोन शेतकरी एकत्र येऊन औत जुंपत. हा व्यवहार बिनतक्रार चाले, कारण दोघांची जमीन लहान असे आणि एकाच्या रानात आज तर दुसऱ्याच्या रानात उद्या औत गेल्याने फारसे बिघडत नसे.

विहिरीचे मात्र तसे नाही. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, येडशीपासून जवळच्या एका खेड्यात, एक विहीर सहा जणांत होती. कोणाचा चार आणे हिस्सा, कोणाचा दोन आणे. श्रावण-भाद्रपदात या विहिरीवर कोणी फिरकत नसे. कार्तिकात पाळ्या ठरत व बहुधा पाळल्या जात. चैत्र उजाडला की भांडणे सुरू होत, आणि एका वर्षी ती तहसीलपर्यंत गेली. विहीर तीच, आणे तेच. बदललेले असे ते एवढेच, की सहाही जणांना पाणी एकाच आठवड्यात हवे असे. शिवाय विहिरीचा गाळ काढण्याचा खर्च आण्यांच्या प्रमाणात वाटला जाई. ज्याची मोट त्या वर्षी चाललीच नाही, त्यालाही तो द्यावा लागे. हा घरगुती दाखला येथे मुद्दाम दिला आहे. पुढे येणाऱ्या विमान कंपन्यांच्या इतिहासातील बहुतेक सर्व पेच या विहिरीत सापडतात.

विमानाच्या खर्चाचे स्वरूप

विमानाचा खर्च दोन प्रकारचा असतो. विमान उडो वा न उडो, त्याला निवारा लागतो, विमा लागतो, ठराविक मुदतीने तपासणी व उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र लागते, कुशल यंत्रज्ञ व वैमानिकाचा पगार द्यावा लागतो, आणि घसारा तर उभ्या विमानालाही सुटत नाही. हा स्थिर खर्च होय. इंधन, वंगण, उतरण्याचे शुल्क आणि इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीसाठी दर तासामागे बाजूला ठेवावी लागणारी रक्कम हा उड्डाणाबरोबर वाढणारा खर्च होय. इंजिनाचे आयुष्य तासांत मोजले जाते, ही बाब येथे लक्षात ठेवावी लागते. ज्याने अधिक उड्डाण केले त्याने इंजिन अधिक वापरले. दुरुस्तीचा खर्च हिश्श्याप्रमाणे वाटला, तर कमी उडणारा भागीदार जास्त उडणाऱ्याचा भार वाहतो.

समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. समजा, एका लहान विमानाचा वर्षाचा स्थिर खर्च १२ लाख रुपये व दर तासाचा चालू खर्च १० हजार रुपये आहे. एकट्या मालकाने वर्षात १०० तास उड्डाण केले, तर त्याला तासाला २२ हजार रुपये पडतात. चार मालकांनी प्रत्येकी १०० तास उड्डाण केले, तर तासाचा खर्च १३ हजारांवर येतो. हा खरा लाभ. परंतु चौघांनी मिळूनच १०० तास उड्डाण केले, तर प्रत्येकाच्या खिशातून वर्षाला २२ लाखांऐवजी साडेपाच लाख जातात खरे. पण तासाचा दर पुन्हा २२ हजारच राहतो. पहिल्या प्रकारात विमान स्वस्त झाले. दुसऱ्या प्रकारात फक्त बिल लहान झाले. भागीदारीची स्तुती करणारे पुष्कळ वेळा या दोहोंत फरक करीत नाहीत.

फ्लाइंग क्लब : हिस्सा नाही, पाळी आहे

भारतात सामाईक विमानाचा पहिला ठळक प्रयोग फ्लाइंग क्लबांच्या रूपाने झाला. १९२८-२९ च्या सुमारास सरकारी साहाय्याने दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथे असे क्लब उभे राहिले. मुंबईचा क्लब जुहूच्या मैदानावर होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, तो याच क्लबातील शिक्षणानंतर. उर्मिला पारिख यांना १९३२ मध्ये परवाना मिळाला, तोही मुंबईतच. डी हॅविलंड कंपनीचे मॉथ हे दोन आसनी, लाकूड व कापडाचे हलके विमान या क्लबांचे मुख्य साधन होते.

क्लबाच्या रचनेतील विशेष असा, की विमान क्लबाचे असे आणि सभासद तासाप्रमाणे पैसे देई. सभासदाला विमानाचा विकता येण्याजोगा हिस्सा नव्हता, परंतु नोंदवहीत नाव लिहून पाळी मिळविण्याचा हक्क होता. म्हणजे विहिरीच्या भाषेत बोलावयाचे तर आणे नाहीत, केवळ पाळ्या आहेत. याचा परिणाम असा झाला, की स्वतःचे विमान घेण्याची ऐपत नसलेले मध्यमवर्गीय तरुण वैमानिक होऊ शकले. संस्थानिक व गर्भश्रीमंत यांच्यापुरती असलेली ही विद्या थोडी तरी खाली आली. या व्यवस्थेचे उणे म्हणजे सरकारी अनुदानावरील अवलंबन, आणि सुटीच्या दिवशी सकाळी सर्वांनाच विमान हवे असणे. तरीही पाळीचा नियम आधी लिहिलेला असल्याने हे क्लब टिकले. हैदराबाद येथेही १९३० च्या दशकात असा क्लब निघाला व बेगमपेठच्या विमानतळाचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे. डेक्कन एअरवेजला पुढे जी भूमी तयार मिळाली ती येथे.

टाटांच्या हवाई टपालसेवेचा उल्लेख करून पुढे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची-मुंबई मार्गावर ती सुरू झाली. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेव्हिल विन्टसेंट यांनी नेले. दोन लहान पस मॉथ विमाने व सुमारे दोन लाख रुपयांचे भांडवल एवढ्यावर हा उद्योग उभा राहिला. विमान खाजगी मालकीचे, पण त्यातील टपाल सार्वजनिक. लाभ वाटला गेला, मालकी नाही. हा प्रकार पुढील चर्चेत तुलनेसाठी उपयोगी पडतो.

डेक्कन एअरवेज

दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, डेक्कन एअरवेज लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. निजामाच्या सत्तेचा हिस्सा सुमारे ७१ टक्के व उर्वरित टाटांचा, अशी तिची वाटणी होती. १९४६ मध्ये बेगमपेठहून तिची नियमित सेवा सुरू झाली. हैदराबादहून दक्षिणेला मद्रास आणि उत्तरेला नागपूरमार्गे दिल्ली हा तिच्या मार्गांचा कणा होता. विमाने डाकोटा जातीची, म्हणजे युद्धात सैनिक व सामान वाहून थकलेली व शांततेत उतारूंसाठी पुन्हा सजविलेली.

ही भागीदारी का झाली असावी? हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये रेल्वे खाजगी कंपनीकडून ताब्यात घेतली होती. १९३२ मध्ये रेल्वेच्याच विभागाने २७ गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली. लोहमार्ग, सडक व आकाश या तिन्ही वाहतुकी एकाच छत्राखाली आणण्याचे धोरण त्या काळच्या हिंदुस्थानात तरी दुर्मीळच होते, आणि निजामी राजवटीच्या इतर अनेक कृत्यांविषयी आपले मत काहीही असो, या प्रशासकीय दूरदृष्टीची नोंद इतिहासकाराने प्रामाणिकपणे घ्यावयास हवी. संस्थानाजवळ द्रव्य होते, द्वीपकल्पाच्या ऐन मध्यावरील भूमी होती. नव्हते ते विमान चालविण्याचे ज्ञान. टाटांजवळ १३ वर्षांचा अनुभव, यंत्रज्ञ व वैमानिक होते. आणि मुंबईहून पूर्वेला वा दक्षिणेला जाणाऱ्या कोणत्याही कंपनीला हैदराबादशी सलोखा सोयीचाच होता. एकाचे भांडवल व दुसऱ्याचे कसब, असा हा जुळवलेला बैलजोड होता.

कागदावरचे आणे पाहिले तर संस्थान मोठा मालक. परंतु विमानाच्या देखभालीचे, सुट्या भागांचे व प्रशिक्षणाचे ज्ञान ज्याच्याकडे, त्याचा शब्द तांत्रिक बाबतीत आण्यांपेक्षा जड असतो. याच काळातील दुसरे उदाहरण याला पुष्टी देते. ८ मार्च १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा भारत सरकारने ४९ टक्के भाग घेतले आणि आणखी २ टक्के घेण्याचा हक्क राखून ठेवला. हे दोन टक्के तत्काळ घेतले नाहीत, तरी ते केव्हाही घेता येतील या जाणिवेनेच सत्तेचा तोल ठरत होता. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा त्यातील भागीदारांचे परस्परसंबंध अशा न घेतलेल्या दोन टक्क्यांवर बेतलेले होते.

डेक्कन एअरवेजमधील भागीदारीची खरी कसोटी मात्र हिशेबाच्या वहीत नव्हे, राजकारणात लागली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला व तो मोडतही गेला. आता विमान कंपनीचा मोठा मालक एक स्वतंत्र राहू पाहणारी सत्ता आणि धाकटा मालक मुंबईतील भारतीय उद्योगसमूह, अशी स्थिती झाली. कंपनीची विमाने जेथे उतरत ती मद्रास, नागपूर, दिल्ली ही स्थळे भारत सरकारच्या हद्दीत. १९४८ मध्ये आर्थिक नाकेबंदी आवळत गेली, तिच्यात हवाई वाहतूकही सापडली. त्याच सुमारास सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन साहसी वैमानिक कराचीहून लँकॅस्ट्रियन विमानांतून रात्रीच्या वेळी हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवीत होता. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट दिसते. संस्थानाला सर्वांत निकडीच्या क्षणी विमान हवे होते, आणि ७१ टक्के मालकी असलेली स्वतःची कंपनी असूनही त्याला परदेशी माणसाची भाडोत्री विमाने शोधावी लागली. हिस्सा होता, पाळी नव्हती. त्या शस्त्रांचा उपयोग कोणावर झाला हे मराठवाड्याला ठाऊक आहे. म्हणून ही पाळी संस्थानाला मिळाली नाही याचा खेद करण्याचे कारण नाही. परंतु मालकी हक्काच्या अभ्यासात हा प्रसंग बोलका आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरले. पाच दिवसांत संस्थानाची सत्ता संपली. कंपनी मात्र संपली नाही. बेगमपेठहून तिची विमाने पुढेही उडत राहिली; मालकाचे सिंहासन गेले तरी विमानाला तपासणी, विमा व इंधन लागतच होते.

स्वस्त विमाने, महाग उड्डाणे

युद्धोत्तर काळात भारतात इतक्या विमान कंपन्या का निघाल्या, याचे कारण विमानाच्या किमतीत आहे. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने अल्प किमतीत उपलब्ध झाली. भांडवलाचा अडसर कमी होताच धनिकांनी कंपन्या काढल्या, परवाने मागितले व ते सढळपणे मिळालेही. परंतु विमान घेणे हा खर्चाचा लहान भाग होता. विमाने पुष्कळ, उतारू थोडे. त्यामुळे प्रत्येक विमानाचे वार्षिक उड्डाण-तास अपुरे राहिले आणि वर मांडलेल्या हिशेबातील स्थिर खर्च प्रत्येक तासावर चढत गेला.

या दुखण्याचे निदान करण्यासाठी नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष होते. एका मराठी न्यायाधीशाने भारतीय विमान उद्योगाच्या हिशेबवह्या तपासाव्यात, ही आपल्या अभ्यासकांना अधिक परिचित असावी अशी घटना आहे. समितीने १९५० मध्ये अहवाल दिला. कंपन्यांची संख्या व्यवसायाच्या मानाने जास्त आहे, परवाने देताना तारतम्य राहिले नाही, आणि कंपन्यांनी आपखुशीने एकत्र येऊन मोजक्या घटकांत विलीन व्हावे, असा तिच्या विवेचनाचा रोख होता. तत्काळ राष्ट्रीयीकरणाच्या ती बाजूची नव्हती. ही शिफारस आपखुशीने अमलात आली नाही. कारण उघड आहे. प्रत्येक कंपनीला दुसरीची विमाने आपल्यात यावीत असे वाटत होते, आपली विमाने दुसरीत जावीत असे नाही. सामाईक विहिरीला सहमती मिळणे सोपे, कोणाची विहीर बुजवावयाची याला सहमती मिळणे अवघड.

या काळातील एक व्यवस्था मात्र वेगळी उठून दिसते. ३० जानेवारी १९४९ पासून नागपूर येथे रात्रीच्या हवाई टपालाचे मिलन सुरू झाले. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई आणि ती परत फिरत. एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता शक्य तेथे विमानाने पाठविण्याची योजना आली. रात्रीची सेवा प्रथम अन्य कंपन्यांकडे होती. पुढे काही काळ ती डेक्कन एअरवेजकडेही आली. दिवसा उतारू नेणाऱ्या आणि रात्री उभ्या राहणाऱ्या विमानाचे तास वाढविण्याचा हा एक मार्ग होता. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की विमानाचा लाभ येडशीसारख्या गावाला पोहोचला असेल तर तो याच वाटेने. येथले पत्र बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीला जावे, तेथून मोठ्या गाडीने मुंबईला, आणि मुंबईहून रात्री नागपूरमार्गे कलकत्त्याला. संस्थान असताना विमानाचा मालक म्हणविणाऱ्याला जे मिळाले नाही, ते संस्थान गेल्यावर पंधरा-वीस ओळींचे पत्र लिहिणाऱ्याला मिळाले.

बार्शी लाइट रेल्वेचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर क्षम्य ठरावे. ही अडीच फुटी मार्गाची रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. तिची कंपनी लंडनची. म्हणजे येडशीच्या स्थानकावर तिकीट काढणाऱ्याचे पैसे लंडनच्या भागधारकांकडे जात आणि त्याचाच सारा हैदराबादच्या विमान कंपनीच्या भागधारकाकडे. रेल्वेत त्याचा एक पैशाचाही हिस्सा नव्हता, पण तो रोज तिच्यात बसत होता. विमानात त्याचा हिस्सा होता, पण बसण्याचा प्रश्नच नव्हता.

विलीनीकरण

१९५३ च्या हवाई वाहतूक महामंडळ कायद्याने जे आपखुशीने झाले नव्हते ते सक्तीने झाले. १ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेज, एअर इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज व कलिंग एअरलाइन्स या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ बनले. भरपाईचा थोडा भाग रोखीने व बहुतांश रोख्यांच्या रूपाने देण्यात आला. महामंडळाकडे आरंभी ९९ विमाने आली. त्यांत ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग व ३ डीसी-४ होती.

यात झालेली काटकसर खरी होती. आठ ठिकाणी साठविलेले डाकोटाचे सुटे भाग एका हिशेबात आले. एका मार्गावर दोन अर्धी रिकामी विमाने सोडण्याचे कारण उरले नाही. परंतु पाळी ठरविण्याचा अधिकार आता पूर्णपणे दिल्लीकडे गेला. मराठवाड्याच्या रहिवाशाच्या दृष्टीने पाहता तो आता ७१ टक्क्यांच्या मालकाची प्रजा न राहता शंभर टक्क्यांच्या मालकीतील नागरिक झाला. उस्मानाबाद जिल्ह्याला मात्र नियमित उतारू विमान तेव्हाही मिळाले नाही आणि नंतरही नाही. जिल्ह्याच्या धावपट्टीचा इतिहास याला धरूनच आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद येथील विमानतळ एकत्रितपणे एका खाजगी कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने देण्यात आले. पाच ठिकाणांचा व्यवस्थापन खर्च एकत्र वाटला जावा, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पण धावपट्ट्या एकत्र केल्याने उतारू वाढत नाहीत. चारांनी मिळून शंभरच तास उडण्याचा तो प्रकार होता.

अंशात्मक मालकीचा नवा प्रयोग

जगाच्या पाठीवर हिस्सा आणि पाळी यांचा मेळ घालण्याचा सर्वांत नियोजनबद्ध प्रयत्न अमेरिकेत झाला. १९८६ मध्ये रिचर्ड सँटुली यांच्या कंपनीने नेटजेट्स या नावाने विमानाचे अंश विकण्यास प्रारंभ केला. विमानाचा एक सोळांश भाग विकत घेणाऱ्याला वर्षाला ५० तासांचे उड्डाण, असे प्रमाण रूढ झाले. खरेदीची रक्कम, मासिक व्यवस्थापन शुल्क आणि प्रत्यक्ष उड्डाणाचा तासाचा आकार, असे तीन वेगवेगळे आकार त्यात असतात. स्थिर व चालू खर्चाची सरमिसळ होऊ न देण्याची ही खबरदारी होय. कल्पनेतील खरी युक्ती मात्र वेगळी आहे. मालकाला त्याचेच विमान मिळेल असे नव्हे, तर त्या जातीचे कोणते तरी विमान ठरलेल्या मुदतीत मिळेल, अशी हमी दिली गेली. सोळा जणांची एक विहीर न करता शेकडो जणांच्या शंभर विहिरी एकत्र केल्या, म्हणून पाळीचा तंटा बराचसा मिटला.

पण मिटला तो कंपनीच्या अंगावर घेऊन. सर्वांना एकाच दिवशी विमान हवे झाले, तर कंपनीला बाहेरून भाड्याने विमान आणावे लागते. अंश परत घेण्याचे बंधनही तिच्यावर असते. १९९८ मध्ये बर्कशायर हॅथवे या बलाढ्य समूहाने ही कंपनी घेतली, तरी मंदीच्या तडाख्यात २००९ साली तिला ७१ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. जुन्या विमानांच्या किमती घसरल्या आणि तो घसारा अंशधारकांबरोबर कंपनीलाही सोसावा लागला. भागीदारीने जोखीम नाहीशी होत नाही. ती कोणाकडे जाईल एवढेच ठरते.

मराठवाड्याची पाळी

हा सर्व इतिहास आपल्या प्रदेशाला आज कोठे भिडतो? विमानप्रवासापेक्षा पावसाच्या प्रश्नाला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. २००३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला. २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथून विमानांनी मराठवाड्यातील ढगांवर फवारणी केली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर हे केंद्र धरून २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात शास्त्रीय प्रयोग केले. दर दुष्काळात विमान भाड्याने आणावयाचे, ते येईपर्यंत ढग निघून जायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निविदा काढावयाची, या क्रमाला कंटाळून मराठवाड्याने स्वतःचे सामाईक विमान का घेऊ नये, असा विचार कोणाच्याही मनात येईल. आठ जिल्हे, आठ हिस्से, एक विमान.

वरील विवेचनाच्या प्रकाशात हा विचार तपासला पाहिजे. असे विमान वर्षातील फार तर तीन महिने उपयोगी पडेल. उरलेले नऊ महिने स्थिर खर्च चालूच राहील. त्या नऊ महिन्यांत वैमानिक प्रशिक्षण, सर्वेक्षण वा रुग्णवाहतूक यांसाठी त्याचा वापर झाला, तरच तासाचा दर उतरेल. परंतु खर्चाची अडचण सुटली तरी पाळीची अडचण राहते, आणि ती अधिक कठीण आहे. औषधी वा टपाल नेणारे विमान आज लातूरला व उद्या बीडला जाऊ शकते. फवारणीयोग्य ढग मात्र आठही जिल्ह्यांवर बहुधा त्याच काही दिवसांत येतात, आणि ते न आले तर आठही जिल्ह्यांना विमान निरुपयोगी. औताची वाटणी चालते तशी ही वाटणी चालणार नाही. ही चैत्रातली विहीर आहे.

ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली, सोयाबीन फुलोऱ्यात सुकू लागले आणि दुपारी तीन वाजता धाराशिव व जालना या दोन्ही जिल्ह्यांवर ढग दाटले, तर विमानाने प्रथम कोठे जावे? पेरणीक्षेत्र पाहून, पिण्याच्या पाण्याचा साठा पाहून, की गेल्या वर्षी कोणाची पाळी चुकली ते पाहून? फ्लाइंग क्लबाच्या नोंदवहीत अशा प्रश्नाचे उत्तर सभासद होण्यापूर्वीच लिहिलेले असे. आपल्याकडे ते लिहिण्याची वेळ आजवर आली नाही, कारण आपल्या आकाशात फिरलेले विमान प्रत्येक वेळी भाड्याचे होते.